बाळू पालवणकर : चार रुपयांच्या नोकरीपासून ११४ बळींपर्यंत

वस्तीतल्या तरुण मुलामुलींची बैठक घेतली की सुरुवातीला मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारते, तुला काय चांगले जमते? मुले शिक्षण सांगतात, नोकरी नाही हे सांगतात, स्पर्धा परीक्षेचे किती प्रयत्न झाले तेही सांगतात. काय जमते यावर मात्र बहुतेक जण गप्प बसतात. मग शेजारचा सांगतो की हा ढोलकी फार सुंदर वाजवतो, ही भिंतीवर अक्षर अगदी छापल्यासारखे काढते, तो कुणाचेही भांडण मिटवतो. ज्याचे कौतुक होते तो मान खाली घालतो आणि त्यात काही विशेष नाही असे म्हणतो.

ही नुसती लाज नव्हे. आपल्या हातात जे आहे त्याला किंमत नाही, हे आपल्याला पिढ्यान् पिढ्या शिकवले गेले आहे. चामडे कमावणे, दोर वळणे, हलगी वाजवणे, पदे रचून गाणे ही सगळी कौशल्याची कामे होती. पण ती करणारा माणूस हलका ठरवला गेला, म्हणून त्याचे कौशल्यही हलके ठरले. समाजशास्त्र शिकताना श्रमविभागणी आणि श्रमिकांची विभागणी यातला फरक मी पुस्तकात वाचला होता. वस्तीत तो रोज डोळ्यांसमोर दिसतो.

अशा वेळी मी मुलांना बाळू पालवणकरांची गोष्ट सांगते. क्रिकेट सगळ्यांना आवडते, पण हे नाव ठाऊक असणारा क्वचितच भेटतो. ही गोष्ट सोपी नाही. शेवटी ती अशा वळणावर येते की आपल्यातल्या अनेकांना अवघडल्यासारखे होते. तरीही ती पूर्ण सांगितली पाहिजे.

बाळूंचा जन्म मार्च १८७६ मध्ये धारवाडला, एका चर्मकार कुटुंबात झाला. वडील ब्रिटिश लष्करात शिपाई होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार यांच्याप्रमाणेच लष्करातल्या नोकरीमुळे गावाच्या चौकटीबाहेर पडलेल्या अस्पृश्य कुटुंबांपैकी हे एक कुटुंब. पुढे ते पुण्यात आले. पुणे आणि खडकी ही तेव्हा लष्कराची मोठी ठाणी होती, आणि गोरे अधिकारी जिथे राहत तिथे क्रिकेटचे मैदान असेच. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि जुने चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे भाऊ खेळायला शिकले. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिघे धाकटे भाऊही पुढे क्रिकेटपटू झाले.

घराला हातभार लावण्यासाठी बाळूंनी लहान वयातच काम धरले. आधी पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबमध्ये मैदान झाडायचे आणि खेळपट्टीवर रूळ फिरवायचा. त्यानंतर १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबमध्ये लागले. पगार महिन्याला चार रुपये. खेळपट्टी तयार करणे, जाळ्या लावणे, टेनिसच्या मैदानावर रेघा आखणे अशी कामे होती. त्यात सभासदांना सरावासाठी चेंडू टाकणे हे आणखी एक काम आले. एका गोऱ्या सभासदाने त्यांना गोलंदाजी करायला लावली आणि या नोकराचा चेंडू खेळणे अवघड आहे हे सगळ्यांच्या लक्षात आले.

त्या काळी हिंदुस्थानातल्या गोऱ्या फलंदाजांमध्ये जे. जी. ग्रेग हे मोठे नाव होते. इतर सभासद यायच्या आधीच ते मैदानावर येत आणि बाळूंना तासन् तास गोलंदाजी करायला लावत. ग्रेगना बाद केले की बाळूंना आठ आणे मिळत, असे सांगितले जाते. बाळूंच्या हातात बॅट मात्र कधीच दिली गेली नाही. फलंदाजी ही साहेबांची आणि गोलंदाजी ही नोकरांची, अशी वाटणी होती. कष्टाचा भाग खालच्यांकडे आणि मानाचा भाग वरच्यांकडे. ही वाटणी आपल्याला नवीन नाही.

इथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. त्या मैदानावर चेंडू टाकणारे आणि चेंडू गोळा करून आणणारे नोकर आणखीही असतील. बाळू ज्या अवस्थेत होते तिथे माणूस ते काम निव्वळ हुकूम म्हणून करतो, संध्याकाळी थकून घरी जातो आणि महिना संपला की चार रुपये घेतो. बाळूंनी तेच काम अभ्यास म्हणून केले. क्लबमध्ये येणाऱ्या वेगवेगळ्या गोलंदाजांना त्यांनी बारकाईने पाहिले आणि त्यातून स्वतःची डावखुरी, मंदगती फिरकी गोलंदाजी घडवली. चेंडूचा टप्पा, उंची आणि वळण यांवर त्यांनी असा ताबा मिळवला की पुढे लोक त्यांची तुलना इंग्लंडच्या विल्फ्रेड ऱ्होड्सशी करू लागले. देशातल्या सर्वांत चांगल्या फलंदाजांपैकी एकासमोर रोज गोलंदाजी करण्याची संधी त्यांना नोकर म्हणून मिळाली होती. क्लबला वाटत होते की आपण चार रुपयांत एक नोकर वापरतो आहोत. प्रत्यक्षात त्या नोकराने क्लबचीच शाळा केली होती. माझ्या मते बाळूंनी स्वतःची किंमत ओळखली ती इथे. कुणी टाळ्या वाजवायच्या कितीतरी आधी.

मग पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबला गोऱ्यांच्या क्लबला हरवायचे होते. उत्तम गोलंदाज शहरातच होता, पण तो अस्पृश्य होता. त्याला संघात घ्यावे की नाही यावर क्लबमध्ये वाद झाला. बाळूंना बाहेर ठेवले तर हिंदूंचेच नुकसान होईल, असे ग्रेग यांनीही जाहीरपणे सांगितले. शेवटी बाळूंना घेतले गेले. त्यांच्या गोलंदाजीवर सामने जिंकले जाऊ लागले.

मैदानावर सगळे एकच चेंडू हाताळत होते. चहाची वेळ झाली की मात्र संघातले बाकीचे खेळाडू पॅव्हेलियनमध्ये कपातून चहा पीत आणि बाळूंना बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. जेवणाची व्यवस्था वेगळी. तोंड धुवायचे असेल तर पाणी ओतायलाही अस्पृश्य नोकरच येई. ज्या हाताने सामना जिंकून दिला त्या हाताचा विटाळ मात्र कायम होता. बाळूंचा गुण संघाला हवा होता. बाळू नको होते.

शतकाच्या शेवटी, प्लेगच्या काळात, बाळू मुंबईला आले. रेल्वेत नोकरी मिळाली, रेल्वेच्या संघाकडून आणि हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. १९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईत हिंदू आणि युरोपियन यांच्यात सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियनांचा संघ १९१ आणि १०२ धावांत आटोपला. हिंदू १०९ धावांनी जिंकले, आणि त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. बाळूंचे भाऊ शिवरामही त्या संघात होते. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद शहरभर झाला. जातीची बंधने थोडी सैल केली म्हणूनच हा विजय मिळाला, हे त्या वेळच्या सुधारकांनीही दाखवून दिले.

१९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. बाळू आणि शिवराम दोघेही संघात होते. बाळूंचे वय तेव्हा ३५ होते आणि खांदा दुखत होता. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात १८.८४ च्या सरासरीने ११४ बळी घेतले. लीस्टरशायर आणि सॉमरसेट या इंग्लिश काउंटी संघांना हिंदुस्थानच्या संघाने हरवले. लहानपणी ज्यांच्या टाकून दिलेल्या बॅटींनी खेळले, त्यांच्याच देशात जाऊन पालवणकर बंधूंनी आपला खेळ दाखवला.

परत आल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या सत्काराचे मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने लिहिले होते, असे बाळूंच्या चरित्रात नोंदले गेले आहे. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. एकाच्या हातात चेंडू होता, दुसऱ्याच्या हातात लेखणी. तरुण भीमरावांच्या पिढीला बाळूंकडे पाहून काय वाटले असेल याची आपण कल्पना करू शकतो. संधीचे दार जरा उघडले तरी आपली माणसे कुणाहून कमी नाहीत, याचा तो जिवंत पुरावा होता.

तरीही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच दिले गेले नाही. वर्षामागून वर्षे ते संघातले सर्वांत अनुभवी खेळाडू होते, पण कर्णधार दुसराच नेमला जाई. १९२० च्या चौरंगी सामन्यांच्या वेळी कर्णधार एम. डी. पै आजारी पडले. अनुभवाने बाळूंचा हक्क होता. निवड समितीने बाळूंना संघातूनच वगळले आणि कर्णधारपद डी. बी. देवधर यांच्याकडे दिले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या दोन भावांनी खेळायला नकार दिला आणि जातीमुळे अन्याय होतो आहे हे उघडपणे सांगितले. दोघेही संघाचे महत्त्वाचे फलंदाज होते. त्यांच्याशिवाय खेळणे संघाला परवडणारे नव्हते. पुढच्या सामन्यात बाळूंना परत बोलावून उपकर्णधार करावे लागले. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली. विठ्ठल यांनी पुढे १९४८ मध्ये माझे क्रीडा-जीवन हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. आपल्या तरुणांनी ते शोधून वाचावे.

या प्रसंगात मला फार मोठा धडा दिसतो. आपल्यात गुण आहे हे ओळखणे ही पहिली पायरी. त्या गुणावर दुसऱ्याचे काम चालते हे ओळखणे ही दुसरी. आणि सन्मान मिळत नसेल तर सगळ्यांनी मिळून तो गुण काढून घेणे ही तिसरी. बाळू एकटे असते तर कदाचित शेवटपर्यंत बाहेरच राहिले असते. भाऊ उभे राहिले म्हणून दार उघडले. ज्याला आपण संघटन म्हणतो ते हेच.

आता ते अवघड वळण. क्रिकेट सोडल्यावर बाळू राजकारणात आले आणि तिथे ते बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूला उभे राहिले. १९३२ मध्ये अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळावेत ही बाबासाहेबांची मागणी होती, तर बाळू एम. सी. राजा यांच्याबरोबर संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने होते. पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत बाळूंचेही नाव आहे. १९३५ च्या येवल्याच्या धर्मांतर घोषणेलाही त्यांनी साथ दिली नाही. १९३७ मध्ये मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने बाबासाहेबांच्या विरोधात बाळूंना उभे केले. ज्याच्यासाठी मानपत्र लिहिले होते, त्याच्याशीच बाबासाहेबांची लढत झाली. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५.

यावरून बाळूंना गद्दार ठरवून मोकळे होणारे लोक मी पाहिले आहेत. खेळाडू होते, राजकारणाशी आपल्याला काय करायचे, असे म्हणून हा भाग गाळणारेही पाहिले आहेत. मला दोन्ही पटत नाही. बाळूंचे आयुष्य पाहिले तर त्यांची भूमिका समजू शकते. त्यांना जे मिळाले ते गुणाच्या जोरावर, एकेक पायरी चढत मिळाले होते. आधी संघात जागा, मग सत्कार, मग उपकर्णधारपद, मग भावाला कर्णधारपद. सवर्ण समाज हळूहळू बदलतो, आपण चांगले खेळत राहिलो तर दार आपोआप उघडेल, असा विश्वास या अनुभवातून तयार होणे स्वाभाविक होते.

बाबासाहेबांचा अनुभवही गुणवत्तेचाच होता, आणि तो कितीतरी मोठा होता. पण त्यांनी त्यातून वेगळा निष्कर्ष काढला. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या माणसालाही बडोद्यात राहायला जागा मिळत नसेल, तर ज्याच्याकडे पदवी नाही, गोलंदाजी नाही, गाता गळा नाही, त्या सामान्य माणसाचे काय? त्याने चांगले वागवले जाण्यासाठी आधी ११४ बळी घ्यायचे का? माणूस म्हणून मिळणारा हक्क बक्षीस म्हणून मिळत असेल तर तो हक्कच नव्हे. म्हणून बाबासाहेबांनी पाणी, मतदान, शिक्षण, कायदा आणि शेवटी धम्म या मार्गांनी सगळ्यांच्या माणूसपणाची लढाई लढली.

बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले. नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी धम्म स्वीकारला तो दिवस त्यानंतर सव्वा वर्षाने उगवला. बाळूंनी तो पाहिला नाही.

इथे मला उपालीची आठवण येते. उपाली हा शाक्यांचा न्हावी. शाक्य राजकुमार तथागतांकडे दीक्षा घ्यायला आले तेव्हा उपालीही त्यांच्याबरोबर आला. तथागतांनी आधी उपालीला दीक्षा दिली, म्हणजे राजकुमारांना त्याला ज्येष्ठ मानून वंदन करावे लागले. पुढे हाच उपाली संघाच्या नियमांचा सर्वांत मोठा जाणकार झाला आणि तथागतांनी विनयात त्याला अग्रस्थान दिले. तथागतांनी अनेक शिष्यांचा असा एकेक विशेष गुण ओळखून सर्वांसमोर सांगितला होता. कुणी प्रज्ञेत, कुणी ध्यानात, कुणी धम्म समजावून सांगण्यात पुढे होता. सगळ्यांनी एकसारखे व्हावे असा आग्रह त्यांनी धरला नाही.

उपालीच्या गोष्टीतला क्रम लक्षात ठेवा. आधी समान जागा, मग गुणाची ओळख. पुण्याच्या क्लबमध्ये हाच क्रम उलटा होता. आधी गुण दाखव, मग तुझ्या जागेचा विचार करू, आणि तोपर्यंत चहा बाहेर पी. आजही अनेक कॉलेजांत, कार्यालयांत आणि कलाक्षेत्रात आपल्या मुलांना हाच उलटा क्रम भोगावा लागतो.

म्हणून बाळूंच्या आयुष्यातून आपण दोन गोष्टी घ्याव्यात असे मला वाटते. पहिली, तुमच्या हातात जे आहे त्याला क्षुल्लक म्हणू नका. गाणे असो, यंत्र दुरुस्त करणे असो, हिशेब असो की माणसे जोडणे असो, त्याचा अभ्यास करा आणि ते वाढवा. तुम्हाला ज्या कामाला लावले आहे त्याच कामात कदाचित तुमची शाळा असेल. दुसरी, तो गुण म्हणजे तुमच्या माणूसपणाचे भाडे आहे असे समजू नका. गुण नसलेल्या, अपयशी ठरलेल्या, दहावीत नापास झालेल्या आपल्या भावाबहिणीलाही तितकाच मान मिळाला पाहिजे. जो गुण मला वर नेतो आणि माझ्या माणसांना विसरायला लावतो, त्याची किंमत मी अजून ओळखलेली नाही.

परवाच्या बैठकीत ढोलकीवाल्या मुलाला मी बाळूंची ही गोष्ट सांगितली. त्याने पुढच्या रविवारी विहारात लहान मुलांना ढोलकी शिकवायचे कबूल केले आहे. एक अट घातली, ढोलकी त्याची स्वतःची नाही, आम्ही वर्गणी काढून एक घेऊन द्यायची. वर्गणी सुरू झाली आहे. तुमच्या वस्तीतही असा एक जण असेल, ज्याने अजून तोंड उघडलेले नाही. त्याला विचारा. आणि त्याच्या आधी स्वतःला विचारा.

जय भीम. नमो बुद्धाय.